स्वतःचं डोकं असलेला मोडेम

टेबलावर विंडोज ९८ चा लॅपटॉप आहे आणि तीन तऱ्हेचे मोडेम: एक लॅपटॉपच्या पोटात बसवलेला, एक कडेच्या खाचेत सरकवायचं पीसीएमसीआयए कार्ड आणि एक सीरियल केबलने जोडायचा बाहेरचा डबा. काम तिघांचंही एकच. संगणकातले आकडे आवाजात बदलून फोनच्या तारेवर सोडायचे आणि आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे. पण चालू करायला बसलं की तिघांचे स्वभाव कळतात.

बाहेरचा डबा सगळ्यात सरळ. केबल जोडायची, हायपरटर्मिनल उघडून कॉम १ निवडायचं, ‘एटी’ टाइप करून एंटर दाबायचं. खाली ‘ओके’ उमटलं की मोडेम जिवंत. ही आज्ञावली हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून चालत आली आणि बाकीच्यांनीही तीच उचलली. त्यामुळे कंपनीची सीडी हरवली असली तरी विंडोजमधला ‘स्टँडर्ड मोडेम’ निवडून भागतं.

कार्डाच्या बाबतीत गोम असते आयआरक्यूची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायच्या क्रमांकाची. कॉम २ आणि कॉम ४ दोघेही रूढ मांडणीत ३ नंबरचा आयआरक्यू मागतात. लॅपटॉपच्या इन्फ्रारेड पोर्टने तो आधीच बळकावला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळं उद्गारचिन्ह येतं. बायोसमध्ये जाऊन इन्फ्रारेड बंद केलं की कार्डाला जागा मिळते.

खरं घोडं पेंड खातं ते पोटातल्या मोडेमपाशी. तो बहुधा विनमोडेम असतो. स्वस्तात पडावा म्हणून त्यातलं डोकं काढून टाकलेलं असतं आणि आवाजाची सगळी आकडेमोड लॅपटॉपच्या प्रोसेसरवर ढकललेली असते. ती करून घेतो ड्रायव्हर. त्या नेमक्या चिपचा ड्रायव्हर नसेल तर ‘एटी’ला उत्तर द्यायलाच कुणी नसतं. शोधून मिळाला तरी पेन ड्राइव्हवरून नेता येत नाही, कारण विंडोज ९८ मुळात पेन ड्राइव्ह ओळखत नाही. सीडीवर तरी उतरवायचा, नाहीतर फ्लॉपी शोधायची.

फोनची लाइन नसली तरी चाचणी अडत नाही. कार्ड आणि बाहेरचा डबा साध्या टेलिफोनच्या वायरने एकमेकांना जोडायचे आणि हायपरटर्मिनलच्या दोन खिडक्या उघडायच्या. एकीत ‘एटीएक्स३डी’, म्हणजे डायल टोनची वाट न पाहता सुरू हो. दुसरीत ‘एटीए’, म्हणजे फोन उचल. आधी एक लांब शिट्टी, मग किरकिर, मग खरखर. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट खुलं केल्यावर कित्येक वर्षं घरात इंटरनेट आल्याची वर्दी याच आवाजाने मिळायची. ‘कनेक्ट’ आलं की एका खिडकीत टाइप केलेलं दुसरीत दिसू लागतं.

मोडेमवर ५६के छापलेलं असलं तरी इथे ३३.६के च्या वर वेग जात नाही. ५६के साठी एका टोकाला एक्सचेंजशी थेट डिजिटल जोडणी लागते.

जुना मोडेम घ्यायचाच असेल तर सीरियल पोर्टाचा, स्वतःचं डोकं असलेला घ्या. विनमोडेम हाती आला, तर आधी त्याचा ड्रायव्हर सीडीवर उतरवून ठेवा.