यवतमाळच्या पऱ्हाटीतले पेटंट

औषध असो की बियाण्यात घातलेले जनुक, पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. चाचण्या आणि मंजुरीत गेलेली वर्षेही त्यातच धरली जातात. यवतमाळ जिल्ह्याने हा हिशेब बीटी कापसाच्या पाकिटातून अनुभवला.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला केंद्राची मान्यता मिळाली. ४५० ग्रॅम बियाण्याचे पाकीट तेव्हा सुमारे १,६०० रुपयांना मिळे. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा जनुकाच्या वापराचे शुल्क होता. गंमत नव्हे, दुखणे असे की या पहिल्या जनुकावर, बोलगार्ड-१ वर, भारतात पेटंटच नव्हते. जनुक विकणाऱ्या मोन्सँटो कंपनीचे खरे कुंपण होते संकरित वाणाचे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्याने घरचे बी राखण्याचा हक्क दिला खरा, पण संकरित पऱ्हाटीची सरकी पुन्हा टोबली तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून राळेगाव, पांढरकवड्याचा शेतकरी दर मृगाला कृषी केंद्रात जाई.

बोलगार्ड-२ ला २००६ मध्ये मान्यता मिळाली आणि २००८ मध्ये मोन्सँटोला पेटंट क्रमांक २१४४३६. अर्ज १९९९ चा, म्हणून मुदत नोव्हेंबर २०१९ पर्यंतच. मार्च २०१६ मध्ये केंद्राने पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये आणि त्यातले शुल्क ४९ रुपये ठरवले. हे जनुक वापरणाऱ्या नुझिवीडू या बियाणे कंपनीशी मोन्सँटोचा शुल्कावरून वाद चालू होताच. बियाणे व वनस्पतींना पेटंट नाकारणाऱ्या, पेटंट कायद्यातल्या कलम ३(जे) चा आधार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये पेटंट रद्द केले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण सुनावणीसाठी परत पाठवले. २०२१ मध्ये तडजोड झाली आणि मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला.

जिला मारण्यासाठी हे जनुक होते, ती बोंडअळी मात्र मुदतीसाठी थांबली नाही. पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची पुडी येई. ती बांधाकडेने पेरली की साध्या अळ्या जगतात आणि प्रतिकारक्षम अळ्यांची पैदास लांबते. बहुतेकांनी ती पेरलीच नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने जिल्ह्यातली बोंडे पोखरली. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पेटंटने शुल्काचा हक्क राखला. जनुकाचा गुण टिकवण्याचे बंधन त्यात कुठेच नव्हते.

२०२० च्या हंगामात शुल्क शून्यावर आले. पाकिटाची कमाल किंमत मात्र आदल्या वर्षीचीच, ७३० रुपये, राहिली.