बसवून ठेवलेला माणूस

दालन म्हणायचं, पण ही एक लांबट खोली आहे. हिरवं कापड टाकलेलं टेबल, त्यामागे तीन खुर्च्या. मधे निवृत्त जिल्हा न्यायाधीश, एका बाजूला निवृत्त पोलीस अधिकारी, दुसऱ्या बाजूला सामाजिक कामातल्या एक बाई. हे विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरण. शिपाई नाव पुकारतो आणि माझ्या शेजारचा टेम्पोवाला ताडकन उठतो. त्याचा अर्ज मी लिहून दिलाय, म्हणून सोबत आलोय. पहाटे चारला गाव सोडलं, अजून त्याने चहासुद्धा घेतलेला नाही.

प्रकरण एका रात्रीचं. मार्केटला भाजी उतरवून परतताना त्याला ठाण्यात नेलं, सकाळी सोडलं. मधे पट्ट्याने मारलं, असं तो म्हणतो. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला त्याच रस्त्यावरून रोज गाडी न्यायची आहे.

"रात्री साडेनऊ ते सकाळी सात, हा कुठे होता?" अध्यक्ष विचारतात.

"सर, चौकशीकामी बसवून ठेवला होता," निरीक्षक सांगतात.

"म्हणजे अटक?"

"नाही सर."

"ताब्यात?"

"नाही सर. नुसता बसवला होता."

"उठून घरी जाऊ शकत होता?"

निरीक्षक फाईलचं पान उलटतात.

बसवून ठेवणं. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळणारा हा शब्द कायद्याच्या पुस्तकात मात्र सापडत नाही. अटक दाखवली की डी. के. बसू खटल्यातले १९९६चे निर्देश आडवे येतात: अटकेचा मेमो, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या कुणा प्रतिष्ठिताची सही, नातेवाइकांना निरोप, वैद्यकीय तपासणी. शिवाय चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. नुसत्या बसवलेल्या माणसासाठी यातलं काहीच करावं लागत नाही. कागदावर तो ठाण्यात आलेलाच नसतो.

खरं सांगायचं तर या टेबलामागे माजी पोलीस पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण आता डायरी ओढून घेतात तेच. बोट ओळीवरून सरकतं, थांबतं.

"नऊ चाळीसनंतरची नोंद थेट सहा पंचावन्नला. रात्रभर ठाण्यात काहीच घडलं नाही? ठाणे अंमलदार झोपले होते?"

"सर, बंदोबस्त होता..."

"बंदोबस्ताचीही नोंद असते. डीव्हीआर आणलाय?"

"फुटेज ओव्हरराइट झालंय सर. तीस दिवसांचंच राहतं."

सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या डिसेंबरमध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं तेव्हा चित्रण अठरा महिने जपायला सांगितलं होतं, तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष. निवृत्त अधिकारी हे बोलून दाखवत नाहीत. चष्मा नाकावर ओढून काहीतरी लिहितात.

मग निरीक्षक हुकमाचा पत्ता काढतात. "विभागाने दखल घेतली आहे सर. कसुरी अहवाल झाला, हवालदारांची एक वर्षाची वेतनवाढ रोखली."

हवालदार मागच्या बाकावर आहेत. निवृत्तीला आलेले, टोपी मांडीवर. बाई त्यांना पुढे बोलावतात.

"याला ठाण्यात आणायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

हवालदारांची नजर निरीक्षकांच्या पाठीवर जाऊन टेकते. "आठवत नाही, मॅडम."

टेम्पोवाला माझ्या कानाशी येतो. "यांनी नाही मारलं हो. यांनी पाणी दिलं होतं." मी त्याला ते उठून सांगायला लावतो. तो सांगतो. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते.

खात्याची शिस्त ही अशी उतरंडीने खाली येते आणि सर्वांत खालच्या मडक्यावर फुटते. चौकशी केली उपविभागीय अधिकाऱ्याने. त्या ठाण्याला भेट देऊन डायरी तपासायची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे त्याने स्वतःचीच कसूर शोधायची होती. ती त्याला सापडली नाही, यात नवल काय? बाहेरचा डोळा हवा तो याचसाठी. पण हा डोळाच आहे, हात नव्हे. हे टेबल दिवाणी न्यायालयासारखं साक्षीला बोलावू शकतं, कागद मागवू शकतं. शिक्षा देऊ शकत नाही, फक्त शिफारस करतं. प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शिफारशी बंधनकारक असाव्यात म्हटलं होतं. महाराष्ट्राच्या २०१४च्या कायद्याने कारणं लिहून अहवाल नाकारायची वाट शासनाला ठेवलीच. आणि अहवाल स्वीकारला तरी विभागीय कारवाई शेवटी खातंच करणार.

अध्यक्ष टंकलेखकाला आदेश सांगू लागतात. त्या रात्रीची ड्यूटी वाटपाची नोंदवही हजर करावी. डीव्हीआर जसा आहे तसा जमा करावा. विभागीय चौकशी करणाऱ्या उपविभागीय अधिकाऱ्यांनी साक्षीसाठी स्वतः यावं, प्रतिनिधी चालणार नाही. शेवटच्या वाक्याला निरीक्षक पहिल्यांदाच मान वर करतात.

पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची. टेम्पोवाला बोटांवर मोजतो, त्या दिवशी आठवडी बाजार आहे.

बाहेर लिपिकाच्या टेबलाशी सह्या चालू आहेत. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या नावाचं पाकीट तयार झालंय.

"हे बजावायचं कोणामार्फत?" शिपाई विचारतो.

"ठाण्यामार्फत," लिपिक मान वर न करता म्हणतो.

निरीक्षक पुढे होतात, नोंदवहीत सही करतात आणि पाकीट आपल्या फाईलमध्ये ठेवतात.