चालत्या खतावणीची प्रत

बँकेतील खाती, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयांतील तपासणी-अहवाल या सर्वांच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये होतात तो रात्रीसुद्धा बंद ठेवता येत नाही, आणि तरीही त्याची सुरक्षित प्रत, म्हणजे बॅकअप, नेमाने घ्यावाच लागतो. फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे एवढेच हे काम असल्याचे वरवर वाटते. परंतु नक्कल चालू असताना ज्या फाइलीत लिहिणेही चालू असते, तिची ती नक्कल नेमक्या कोणत्या क्षणाची, हे कोणालाच सांगता येत नाही.

२०० जीबीचा डेटाबेस सेकंदाला २०० एमबी या वेगाने उतरवायला सुमारे १७ मिनिटे लागतात. पहिल्या मिनिटाला एका खात्याचे पान उतरले, पाचव्या मिनिटाला त्या खात्यातून २,००० रुपये दुसऱ्या खात्यात वळते झाले आणि पंधराव्या मिनिटाला दुसऱ्या खात्याचे पान उतरले, तर तयार झालेल्या प्रतीत तेच २,००० रुपये दोन्ही खात्यांवर जमा दिसतात. एकही बाइट चुकीचा उतरलेला नसतो. चुकलेला असतो तो ताळेबंद.

या अडचणीवरील एक उपाय म्हणजे स्नॅपशॉट. डिस्कवरील कोणत्या ब्लॉकमध्ये कोणत्या फाइलीचा कोणता भाग आहे याचा नकाशा सांभाळणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. स्नॅपशॉट घेताना विदा, म्हणजे डेटा, हलवली जात नाही, तर त्या क्षणाचा नकाशा तेवढा गोठवला जातो, आणि म्हणून डेटाबेस कितीही मोठा असला तरी हे काम बहुधा काही सेकंदांत उरकते. डेव्ह हिट्झ, जेम्स लाउ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ साली नेटअ‍ॅपच्या ज्या ‘वाफल’ फाइल सिस्टिमविषयी निबंध वाचला, तीत आणि पुढे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेल्या झेडएफएसमध्ये बदललेला मजकूर नव्या ब्लॉकमध्ये लिहिला जातो, त्यामुळे जुना ब्लॉक गोठवलेल्या नकाशासाठी जागच्या जागी शाबूत राहतो. लिनक्समधील एलव्हीएम ही फाइल सिस्टिमच्याही खालची, डिस्कच्या जागेची वाटणी करणारी व्यवस्था होय. तिच्या पारंपरिक स्नॅपशॉटमध्ये नवा मजकूर जुन्या जागीच बसतो, मात्र त्याआधी तेथील जुना मजकूर उचलून राखीव जागेत ठेवावा लागतो. साहजिकच लिहिण्याचा वेग मंदावतो, आणि राखीव जागा भरली की तो स्नॅपशॉट निकामी होतो.

तरीही गोठवलेला क्षण म्हणजे सुसंगत क्षण नव्हे. त्या घडीला काही व्यवहार अर्ध्यावर असतात, काही बदल केवळ मेमरीत असतात, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे पान ८ केबीचे व फाइल सिस्टिमचा ब्लॉक बहुधा ४ केबीचा असल्याने एखाद्या पानाचा अर्धाच भाग नवा असू शकतो. वीज अकस्मात गेली असती तर डिस्कवर जे उरले असते, तेच स्नॅपशॉटमध्ये असते. म्हणूनच या पद्धतीचे खरे श्रेय फाइल सिस्टिमइतकेच, किंबहुना अधिक, डेटाबेसच्या स्वतःच्या शिस्तीला द्यावे लागते.

ती शिस्त जुन्या पेढीवरील मुनिमाला अनोळखी वाटली नसती: आधी रोजकीर्द, मग खतावणी. कोणताही बदल मूळ पानावर करण्यापूर्वी तो लॉग नावाच्या क्रमवार नोंदवहीत लिहून डिस्कवर पक्का केला जातो, आणि संगणक कोसळून पुन्हा सुरू झाला की ही वही वाचून पुरे झालेले व्यवहार पानांवर चढवले जातात व अपुरे रद्द ठरतात. या तंत्राची सविस्तर मांडणी आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ या नावाने केली. अर्धवट पानाचा प्रश्न पोस्टग्रेस त्याच वहीतून सोडवतो, कारण दर चेकपॉइंटनंतर, म्हणजे मेमरीतील बदल डिस्कवर उतरवून झाल्यानंतर, एखादे पान प्रथम बदलताना त्याची संपूर्ण प्रतिमाच तो लॉगमध्ये ठेवतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या जुन्या मायआयसॅम तक्त्यांना अशी वहीच नव्हती. तेथे स्नॅपशॉटपुरते तक्ते कुलूपबंद करण्यावाचून गत्यंतर नसे. आणखी एक अट सहज निसटते: पाने एका डिस्कवर व लॉग दुसऱ्या डिस्कवर असेल, तर दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच क्षणाचे हवेत. ते शक्य नसल्यास डेटाबेसला बॅकअपच्या आरंभाची व अखेरीची आज्ञा देऊन त्या दरम्यानचा लॉगही जपावा लागतो.

स्नॅपशॉट मूळ विदेच्याच डिस्कवर राहतो, आणि डिस्क गेली की दोन्ही जातात. तेव्हा तो दुसऱ्या यंत्रावर उतरेपर्यंत त्याला बॅकअप म्हणणे धाडसाचे आहे. हा फरक किती मोलाचा, हे एका घटनेतून दिसते. गिटलॅब या सॉफ्टवेअर-प्रकल्प सांभाळणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची सुमारे ३०० जीबी विदा पुसली गेली. कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअपचे साधन ९.२चे होते; त्या बिघाडाची सूचना देणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. हाताशी राहिला तो चाचणीच्या सर्व्हरवर ताजी विदा हवी म्हणून त्याच दिवशी हाताने घेतलेला एक एलव्हीएम स्नॅपशॉट. तो तेथे आधीच उतरवलेला होता, पण तेथील डिस्क इतक्या धिम्या होत्या की विदा परत आणायला सुमारे १८ तास लागले. तो स्नॅपशॉट आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांच्या सुमाराचा होता. त्यानंतरच्या सुमारे सहा तासांतील नोंदी गिटलॅबला परत मिळाल्या नाहीत.