इयत्ता पहिली : एक अवघड वर्ग

(द्वितीय वर्ष, कला)

"पहिलीला काय, कुणीही शिकवील!" हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले असते. दहावी-बारावीचे शिक्षक म्हणजे खरे शिक्षक आणि पहिलीचे म्हणजे नुसते मुले सांभाळणारे, अशी एक समजूत गावातही आहे आणि शहरातही. परवापर्यंत माझीही समजूत याहून फार निराळी नव्हती. आपल्या महाविद्यालयाच्या अंकात साहित्य, इतिहास, निवडणुका असे मोठे विषय येतात. तेव्हा पहिलीच्या वर्गावर लिहिणे काहींना पोरकट वाटेल. तरी लिहिते, कारण या वर्गाशी माझा एक जुना हिशेब आहे.

डिसेंबरात सत्र परीक्षा संपली आणि मी घरी गेले. आमची वाडी जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात, डोंगराच्या अंगाला. थोरल्या भावाची मुलगी यंदा पहिलीत आहे. तिला शाळेत पोचवण्याचे काम माझ्याकडे आले. संध्याकाळी ती पुस्तक काढून बसे. "वाच बरं," म्हटले की पानावर बोट ठेवी आणि घडाघडा सुरू होई. माझी आई कौतुकाने हातातले काम थांबवून ऐके. आई शाळेत गेलेली नाही, त्यामुळे नात वाचते याचे तिला किती अप्रूप, ते मी सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी माझे लक्ष तिच्या बोटाकडे गेले. बोट पानाच्या तळाशी पोचले होते आणि तोंडात अजून दोन ओळी शिल्लक होत्या. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "हे काय लिहिलंय?" तिने शब्दाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग ओठांतल्या ओठांत पहिल्या ओळीपासून म्हणत निघाली. ती वाचत नव्हती. तिला पान पाठ होते.

मी तिला रागावले नाही, कारण तिसरीपर्यंत मीही अशीच वाचत होते. माझी पाठांतरे चांगली, म्हणून मी वर्गात हुशार समजली जाई. तिसरीत असताना शाळेत पाहुणे आले. फळ्यावर स्वागताच्या दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या वाचायला मला उभे केले. ओळी पुस्तकातल्या नव्हत्या. मी फळ्याकडे पाहिले आणि पुस्तकातली कविता म्हणायला लागले! पाहुणे हसले. गुरुजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ते मला जवळ बसवून घेऊ लागले आणि होळीपर्यंत मला वाचता येऊ लागले. त्यांनी ते केले नसते तर आज हा लेख लिहायला मी येथे नसते. यात त्यांचा दोष होता असेही मला वाटत नाही. दोन शिक्षक आणि चार इयत्ता अशी ती शाळा. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. पाठ म्हणणारे मूल शांत बसते, आणि शांत बसलेल्या मुलाकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

भाचीच्या बाईंना मी हे सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. वर्गात अशा चार आहेत. तू दोन आठवडे इथेच बसत जा, मला मदत होईल." अशा रीतीने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी पुन्हा पहिलीत बसले. तेथे जे समजले तेच पुढे मांडते.

आपल्याला वाटते, अक्षरे आली की वाचन आले. पण एक शब्द घ्या: 'सरपण'. आमच्याकडच्या मुलांना सरपण चांगले ठाऊक आहे, कित्येकांनी ते डोक्यावरून आणलेले आहे. अक्षरे मात्र सुटी म्हटली तर प्रत्येकाच्या शेवटी 'अ' येतो: स, र, प, ण. बोलताना आपण तसे म्हणत नाही. मधल्या 'र'मधला आणि शेवटच्या 'ण'मधला 'अ' आपण गिळून टाकतो. मुलाने चारही अक्षरे अचूक ओळखली तरी त्याच्या कानाला जे ऐकू येते ते सरपण नसतेच. चार सुटी अक्षरे आणि एक शब्द यांच्यामध्ये एक उडी आहे. आपण ती केव्हा मारली हे आपल्याला आठवत नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

यापुढे वेलांटी. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते, उच्चारताना मात्र ती अक्षरानंतर येते. डावीकडून उजवीकडे वाचायचे असे शिकवून आपणच तो नियम मोडतो. 'चाक' आणि 'चार' यांतला 'च' एकच दिसतो, पण दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'जाळे' आणि 'जेवण' यांतल्या 'ज'चेही तसेच. आणि 'ण', 'ळ' ही अक्षरे शब्दाच्या आरंभी येतच नाहीत. म्हणून तक्त्यावर 'ण'ला बाण आणि 'ळ'ला बाळ घ्यावे लागते, आणि मूल चित्र पाहून 'ब' म्हणते. त्याचे काय चुकले?

पूर्वीपासून आपल्याकडे 'ग म भ न' या क्रमाने अक्षरे गिरवून घेतात, कारण त्यांची वळणे एकमेकांतून निघतात. हाताला ते सोयीचे आहे. पण हाताची सोय म्हणजे अर्थाची सोय नव्हे, आणि गिरवण्याच्या वह्या भरल्या म्हणजे वाचन सुरू झाले असे नाही.

बाईंची रीत मला फार आवडली. सकाळी त्या मुलांना विचारत, "काल काय झालं?" एक मुलगा म्हणाला, "आमची शेळी हरावली." बाईंनी फळ्यावर लिहिले: आमची शेळी हरवली. सर्वांनी ते म्हटले. येथपर्यंत ते पाठांतरच झाले. मग बाईंनी तीन शब्द कागदाच्या तीन पट्ट्यांवर लिहून जमिनीवर मांडले, त्यांची जागा बदलली, आणि एकेक पट्टी उचलून विचारले. आता पाठ केलेले कामाला येईना. शेवटी त्यांनी 'शेळी' काढून तेथे 'गाय' ठेवले आणि काही बोलल्या नाहीत. क्षणभर शांतता. मग माझी भाची ओरडली, "बाई, गाय न्हाय हरावली!" तिने वाचले होते, हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती.

आता अंकांकडे वळते. शंभरापर्यंत अंक म्हणणे ही आमच्याकडे पहिलीतल्या मुलाची मोठी कीर्ती समजली जाते. पण आपली संख्यानामे किती आडवळणाची आहेत! 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो आणि वीस मागून. लिहिताना दोन आधी. मुलगा ऐकतो त्या क्रमाने लिहितो आणि ५२ करतो. त्याने कान देऊन ऐकले म्हणून त्याचे चुकले! एकोणीस म्हणजे वीसला एक उणा. एकोणतीस म्हणजे तीसला एक उणा. म्हणजे तीस यायच्या आधीच तिसाचे नाव घ्यायचे. बरे, हा तरी नियम शेवटपर्यंत चालावा. एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्याण्णवला मोडतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असेही वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. भाषा बुडाली असे लोक म्हणाले, विधानसभेतही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे समजावले की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात, ती अडचण कमी व्हावी एवढाच हेतू आहे. दक्षिणेतल्या कन्नड, तेलुगू भाषांत दशक आधी आणि एकक नंतर असेच म्हणतात. तेथे गणित बुडाले नाही.

मी त्या वेळी शाळेत होते आणि सर्वांबरोबर हसले होते. आता हसू येत नाही, त्याचे कारण माझी आजी. माझे आजोळ आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. आजी निरक्षर, पण हिशेबाला पक्की. ती इसांनी मोजते. सत्तेचाळीस तिला माहीत नाही, ती म्हणते, "दोन ईसा नि सात." पाच ईसा झाल्या की शंभर. पुण्यात बसून तज्ज्ञांनी काढलेली म्हणून ज्या रीतीची टवाळी झाली, तिचीच एक चुलत बहीण आमच्या घरात चुलीपाशी बसलेली होती. माझा स्वतःचा कौल विचाराल तर सत्तावीस जाऊ नये. तो शब्द बाजारात लागतो. पण 'वीस सात' त्याच्या शेजारी बसला तर बिघडते काय?

वर्गात बाई हे काड्यांनी शिकवीत. दहा काड्या झाल्या की रबर लावून गठ्ठा करायचा. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. ज्याने गठ्ठा स्वतः बांधला त्याला ५२ आणि २५ यांतला फरक सांगावा लागत नाही. तो हाताला जड लागतो. हिरड्याच्या वाळक्या फळांचे आणि चिंचोक्यांचे डबेही होते. हिरडा आमच्या भागाचे नगदी पीकच म्हणा ना. तो पायलीने मोजलेला मुलांनी घरी पाहिलेला असतो.

हे काही नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला हेच केले. अनुताई तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने वारल्यांच्या पाड्यावर कोठून आणायची? तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे घेतले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरांमागे असणाऱ्या मुलांसाठी कुरणात. आज गावोगावी 'अंगणवाडी' हा शब्द आपण सहज वापरतो, तो त्या अंगणातून आलेला आहे.

एक गोष्ट मात्र काड्यांनी सुटत नाही. 'सरपण' शिकवताना बाईंनी विचारले, "चुलीत काय घालतात?" सारा वर्ग म्हणाला, "सरपन!" आमच्या घरात 'ण' नाही. पानी, लोनी, सरपन. बाणातला ण आणि पानातला न हे मुलाच्या कानाला एकच आहेत. त्याने दोन निराळी चिन्हे कशाच्या आधारावर लक्षात ठेवायची? शहरातल्या मुलाला फक्त अक्षर शिकायचे असते. आमच्या मुलाला आधी एक नवा आवाज शिकायचा असतो, आणि तो शिकताना आपली आई चुकीचे बोलते असे त्याला वाटता कामा नये. बाई 'सरपन' ऐकून "बरोबर" म्हणाल्या, फळ्यावर 'सरपण' लिहिले आणि स्वतः स्पष्ट म्हटले. मुलांना पुन्हा म्हणायला लावले नाही. हे बरोबर की चूक, यावर मी आणि माझी वर्गमैत्रीण अजून वाद घालतो. तिच्या मते सवय पहिलीतच लागली पाहिजे. मला एवढेच माहीत आहे की अजूनही तासाला उभी राहून प्रश्न विचारायचा असला की वाक्यातला 'ण' मी आधी मनात म्हणून पाहते, आणि कधी कधी तेवढ्यात तास संपतो.

बाकीच्या अडचणी सर्वांना ठाऊक आहेत. जुलैत आवणी लागली की खाचरात सारे घर उतरते आणि मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. काही कुटुंबे कामाला पूर्वेकडे, नारायणगाव-मंचरच्या बागायतीत जातात. परत आल्यावर मूल जेथे सोडले तेथे नसते. 'असर'ची पाहणी २००५ पासून घरोघर जाऊन मुलांना उतारा वाचायला देते. ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही असे तिला वर्षानुवर्षे आढळले. २०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' सुरू केले, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता व मोजता यावे म्हणून. तिसरी हा शब्द वाचला की मला तो फळा आठवतो.

सुट्टी संपली तेव्हा भाची मला सोडायला भावाबरोबर जुन्नरच्या स्टँडवर आली होती. समोर एक एस.टी. लागली. ती पाटीकडे बराच वेळ पाहत राहिली. बोट हवेतच सरकत होते.

"घो... डे... गा... व."

मग माझा हात ओढून म्हणाली, "आत्या, तिथं घोडं हायती?"