औषध लागू का पडत नाही?

"डॉक्टर, अंगाला गोळीची सवय झाली, आता ती लागू पडत नाही," असे खेड्यापाड्यांतून येणारे रुग्ण मला नेहमी सांगतात. हा समज चुकीचा आहे. अँटिबायोटिकच्या बाबतीत बदलते ते आपले अंग नव्हे, बदलतो तो जंतू. कसा, ते क्षयाच्या उदाहरणावरून पाहू.

जंतू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. प्रत्येक वेळी त्यांच्या जनुकांची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. रिफाम्पिसिन हे क्षयावरील प्रमुख औषध जंतूच्या एका एंझाइमला चिकटून त्याचे काम बंद पाडते. त्या एंझाइमच्या जनुकात नेमकी चूक झाली, की त्याचा आकार किंचित बदलतो व औषध चिकटत नाही. अशी चूक साधारण १० कोटी जंतूंत एखाद्यात आपोआप झालेली असते, तीही औषध सुरू होण्यापूर्वीच. औषध फक्त बाकीच्यांना मारते आणि त्या एकाला रान मोकळे मिळते.

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे नवे नाही. बीटी कपाशीवर बहुतेक बोंडअळ्या मेल्या, ज्या तगल्या त्यांचीच पिलावळ वाढली आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरला.

क्षयरोग्याच्या फुप्फुसातील एका पोकळीतही १० कोटी जंतू असू शकतात. म्हणजे एकटे रिफाम्पिसिन अपुरेच. आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाला न जुमानणारा जंतू साधारण १० लाखांत एक असतो. पण दोन्ही चुका एकाच जंतूत होण्याचा संभव एक कोटी कोटींत एक! म्हणूनच नेहमीच्या क्षयात पहिले २ महिने चार व पुढील ४ महिने तीन औषधे एकत्र देतात.

महिनाभरात खोकला कमी होतो, भूक लागते आणि रुग्ण गोळ्या सोडतो. उरलेले चिवट जंतू मग वाढू लागतात. २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. त्यांपैकी तिघांना आधी निरनिराळ्या डॉक्टरांनी देखरेखीविना, एकेक औषध वाढवत नेले होते. असा जंतू खोकल्यावाटे घरातील लेकराला लागला, तर त्याने एकही गोळी खाल्लेली नसताना नेहमीची औषधे त्याच्यावर पहिल्या दिवसापासून निष्फळ ठरतात.

तेव्हा वाचकहो, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. सीबीनॅट या तपासणीत क्षयाचे जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिनला दाद देतात का, हे दोन्ही सुमारे दोन तासांत कळते. तपासणी व औषधे मोफत आहेत. आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपयेही मिळतात. गोळ्यांनी मळमळ झाली, डोळे पिवळे दिसले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मनाने औषध बंद करू नका. बरे वाटणे आणि बरे होणे यांत काही महिन्यांचे अंतर असते.