ड्रॅगन उसना, पण उडतो झकास!

‘एरागॉन’चं नाव काढा, लगेच दोन पार्ट्या पडतात. ऑफिसातला मित्र म्हणतो, ‘‘बॉस, हे तर ‘स्टार वॉर्स’! शेतावर वाढलेला पोरगा, म्हातारा गुरू, दुष्ट साम्राज्य. वर टॉल्किनछाप एल्फ आणि ड्वार्फ!’’ खोटं नाही. पण माझ्या भाच्याला विचारा. त्याला दिसते फक्त सफिरा, एरागॉनशी मनातल्या मनात बोलणारी निळी ड्रॅगन.

अमेरिकेतल्या मोंटानात राहणाऱ्या क्रिस्टोफर पाओलिनीने हे लिहायला घेतलं ते १५व्या वर्षी. २००२मध्ये घरच्यांनीच पुस्तक छापलं. पठ्ठ्या मध्ययुगीन वेश चढवून शाळा-लायब्रऱ्यांत त्याचा प्रचार करत फिरला. लेखक कार्ल हायासेनच्या सावत्र मुलाला ते आवडलं आणि २००३मध्ये ‘नॉफ’ने ते नव्याने काढलं. म्हणजे पहिला कौल एका वाचक पोराचाच!

खरं सांगू? मीही नाक मुरडलं होतं. मग ड्रॉवरमधली माझी कादंबरी आठवली. काहीतरी ‘ओरिजिनल’ सुचेल म्हणून चाळिसाव्या पानावर थांबलेली. त्याने उसनं घेतलं, पण पूर्ण तरी केलं.

परवा भाचा म्हणाला, ‘‘मावशी, तुझं पुस्तक कधी संपणार गं?’’

टीका करणं सोपं असतं, राव!