बाळगले फार, झाडले थोडे

आमच्या घरी आजोबांची एक गुप्ती आहे. खंडेनवमीला ती माळ्यावरून खाली येते, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ्यावर जाऊन बसते. ती कोणी उपसल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्याच दिवशी आईच्या विळीलाही फूल मिळते. पण विळीला संध्याकाळी लगेच कामावर रुजू व्हावे लागते. शस्त्र जपावे की वापरावे, या प्रश्नाशी माझा संबंध एवढाच. मराठीच्या मास्तराचा याहून अधिक असावा, अशी कोणाची अपेक्षाही नसते म्हणा!

पण दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत गेलो. ती मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत राहते. तिच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ आहेत. त्यांचे वडील त्याच शहराच्या पोलिसात होते. मेहुणे म्हणाले, "दादा, यांच्याकडे एक चीज आहे, ती पाहिल्याशिवाय परत जाऊ नका."

चीज म्हणजे एक रिव्हॉल्वर. स्मिथ अँड वेसन कंपनीने 1935 साली .357 मॅग्नम नावाचे नवे, जबर काडतूस आणि त्यासाठी एक खास रिव्हॉल्वर बाजारात आणले. किंमत साठ डॉलर, आणि तीही मंदीच्या दिवसांत! गिऱ्हाइकाने शिंप्याकडे माप द्यावे तशी मागणी नोंदवायची: नळी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत हवी तेवढी, माशी अमुक प्रकारची, मूठ तमुक प्रकारची. मग कंपनी मालकाच्या नावाचे नोंदणीपत्र देई. पहिले रिव्हॉल्वर एफ. बी. आय.चे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना मिळाले. 1939 साली कंपनीने हा नोंदणीचा सोहळा आवरता घेतला. तोवर सुमारे 5,500 नग झाले होते. आज त्यांच्यासाठी संग्राहक हजारो डॉलर मोजतात. कॅन्सस सिटीच्या पोलीस खात्याने ही रिव्हॉल्वरे आपल्या शिपायांना दिली होती, आणि या गृहस्थांच्या वडिलांनी निवृत्त होताना आपले खात्याकडून विकत घेतले होते.

म्हाताऱ्याने ते फडक्यातून काढून टेबलावर ठेवले. माझी जरा निराशाच झाली, खोटे कशाला सांगू? नळीच्या टोकाचा निळा मुलामा उडून पांढरे पोलाद दिसत होते. मुठीच्या लाकडावरची चौकटीची नक्षी एका बाजूला पार गुळगुळीत झाली होती.

"ही कोटाच्या अस्तराची बाजू," म्हातारा म्हणाला. "वीस वर्षे घासली. आणि टोकाचा रंग चामड्याच्या खोळीने खाल्ला."

मग त्याने चक्र बाहेर काढून नळी माझ्या डोळ्यांसमोर उजेडाकडे धरली. आतले आटे नव्या आरशासारखे लखलखत होते. त्या लोकांत अशा शस्त्रांविषयी एक बोलच आहे: बाळगले फार, झाडले थोडे. पोलिसाचे रिव्हॉल्वर वर्षानुवर्षे ऊन, पाऊस आणि घाम खाते. बार मात्र काढते तो वर्षाकाठी सरावाच्या मैदानावर. त्याच्या वडिलांनी माणसावर एकदाही गोळी झाडली नव्हती. हे सांगताना म्हाताऱ्याच्या आवाजात जो अभिमान होता, तो मला शौर्यपदक मिळवणाऱ्यांच्या मुलांतही दिसलेला नाही.

आता या धंद्यातली गंमत पाहा. संग्राहक पाहतो बाहेरचा मुलामा. नेमबाज पाहतो आतली यंत्रणा. संग्राहकाला हवा असतो कारखान्याच्या डब्यातला, कागदपत्रांसह आलेला, एकही बार न काढलेला नग. त्याचे चक्र नुसते फिरवले तरी कडेने एक बारीक रेघ उमटते, आणि तेवढ्याने किंमत उतरते. म्हणजे जे रिव्हॉल्वर पोलिसाच्या कमरेला कधी लागलेच नाही, ते पोलिसी रिव्हॉल्वर म्हणून सर्वांत मोलाचे! आमच्या क्षेत्रातही पाने न कापलेली पहिली आवृत्ती अशीच मिरवते. ती कोणी वाचलेली नाही हाच तिचा मोठेपणा.

पण संग्राहकाची बाजू अगदीच पोकळ नाही. जुन्या कोल्ट रिव्हॉल्वरांत बार निघण्याच्या क्षणी एक छोटा पोलादी खटका चक्राला घट्ट दाबून धरतो. घड्याळजीला शोभेल असे ते काम आहे. पण प्रत्येक बाराबरोबर तो खटका किंचित झिजतो. पुरता झिजला की चक्र नळीसमोर बरोबर येत नाही आणि गोळीचे शिसे कडेला तासले जाते. सुटे भाग दुर्मिळ, ते बसवणारे कारागीर त्याहून दुर्मिळ. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना, 1896 साली, त्या खात्याने सर्वांसाठी एकाच जातीचे .32 कोल्ट पसंत केले. त्यांतले एखादे आज हाती लागले आणि कोणी त्यात आजचे जोरकस काडतूस घालू लागला, तर त्याचा हात धरलाच पाहिजे.

शिवाय नवी येण्याची आशा नाही. 1986 साली मायामीत दोघा सशस्त्र दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफ. बी. आय.चे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरवरचा विश्वास ढळला. अनेक खात्यांनी जुनी रिव्हॉल्वरे व्यापाऱ्यांना देऊन त्यांच्या बदल्यात स्वयंचलित पिस्तुले घेतली. न्यूयॉर्कमधल्या शेवटच्या काही पोलिसांनी तर 2018 साली ती खाली ठेवली. आपल्याकडे असला छंद बहुतेक अशक्यच. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. ते बरेच आहे, असे माझे मत.

म्हाताऱ्याची अडचण वेगळी होती. एका संग्राहकाचे पत्र आले होते. किंमत भरघोस, पण अट एकच: यापुढे बार काढायचा नाही. नातवाला कॉलेजच्या फीसाठी पैसे हवे होते. आणि म्हातारा दरवर्षी वडिलांच्या वाढदिवशी सहा गोळ्या झाडत असे. मॅग्नम नव्हे, .38 ची सौम्य काडतुसे; तीही त्या चक्रात बसतात.

माझ्या मुक्कामातच तो दिवस आला. गावाबाहेरच्या मैदानावर कानांवर टोप्या चढवून आम्ही उभे राहिलो. म्हाताऱ्याने पाच बार सावकाश काढले आणि सहाव्याला रिव्हॉल्वर माझ्या हातात दिले. "प्रोफेसर, ही तुमची."

ते वजनदार होते आणि माझ्या तळव्यात, त्या गुळगुळीत बाजूने, विलक्षण सहज बसले. याचेच मला भय वाटले. मी चाप ओढला. गोळी कागदाला न लागता मागच्या मातीत गेली.

"वडिलांचाही नेम असाच होता," म्हातारा म्हणाला.

घरी येऊन त्याने नळीत ब्रश फिरवला, चक्राच्या भोकांतली काजळी काढली, फडक्याने तेल लावले. टेबलावर डाग पडू नयेत म्हणून खाली एक कागद पसरला होता. काम झाल्यावर त्याने तो उचलला, तेव्हा त्यावरचा छापील नाव-पत्ता मला दिसला. संग्राहकाचेच पत्र होते ते. म्हाताऱ्याने तेलाचे डाग टिपले, पत्राची नीट घडी घातली आणि ते रिव्हॉल्वरशेजारी खणात ठेवून दिले.